नो-फ्रॉस्टमधली नळी

इथं महबूल्यात महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला कोणी नवीन बाई भेटली की विचारते, ‘तुम्ही कुठं असता?’ मी सांगते, ‘फ्रीजरजवळ.’ हसतात. हसू देत बापड्या. माझे यजमान रिफायनरीत इंजिनीअर, त्यांना असले प्रश्न कोणी विचारत नाही. तेल सगळ्यांना कळतं. माझं काम सांगायला बसलं की समोरची बाई साबुदाणावड्याकडे बघायला लागते.

ह्या दिवाळीनंतर आम्ही कुवेतमधला गाशा गुंडाळतोय. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले, तेव्हा वाटलं गमतीजमती लिहाव्यात. गमती आहेत की. एक गृहस्थ दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते, हा डॉक्टर होईल की इंजिनीअर ते डीएनएवरून सांगा म्हणून. आमच्या मुदीरसाहेबांनी, म्हणजे मॅनेजरनी, एकदा माझ्या नमुन्यांच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचा केक ठेवला होता. तो मी उचलून रिसेप्शनच्या टेबलावर ठेवून दिला. दुपारपर्यंत त्याचं पाणी झालं आणि महिनाभर मुदीर माझ्याशी बोलले नाहीत. पण लिहायला बसले आणि झयानच आठवत राहिला. तर त्याचंच लिहिते.

आधी काम काय ते सांगते, थोडं सहन करा. आमची लॅब खासगी. रक्त येतं, त्यातून डीएनए काढायचा, तो यंत्रावर वाचायचा आणि आजार घरात कुठून आला ते शोधायचं. मधली पायरी म्हणजे लायब्ररी. नाव ऐकून कपाटं-पुस्तकं डोळ्यांसमोर आणू नका. डीएनएचे लांबलचक धागे आमच्या यंत्राला वाचता येत नाहीत. म्हणून त्यांचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ठरावीक शेपट्या चिकटवायच्या, म्हणजे यंत्राला तो पकडता येतो. शेपटीत त्या पेशंटची खूण असते. मग त्या तुकड्यांच्या पुष्कळ प्रती काढायच्या. एवढं सगळं करून नळीच्या बुडाशी डोळ्यात घालायच्या औषधाच्या थेंबाएवढं काहीतरी उरतं. ती लायब्ररी. दिसायला नुसतं पाणी.

ती टिकते किती, हा प्रश्न प्रत्येक नवा डॉक्टर मला विचारतो आणि अर्धं उत्तर ऐकून निघून जातो. दाट असेल, योग्य द्रावणात असेल, एकदा उणे वीस अंशांना ठेवली आणि कोणी हात लावला नाही, तर वर्षंच्या वर्षं काही होत नाही. पातळ असली की मात्र तिचे नखरे सुरू. पातळ लायब्ररीतला डीएनए नळीच्या प्लॅस्टिकला चिकटून बसतो. पुन्हापुन्हा गोठली आणि वितळली तर तुकड्यांचे आणखी तुकडे होतात आणि शेपट्या तुटतात. शेपूट तुटलेला तुकडा यंत्राच्या लेखी नसतोच. आणि वरून काही म्हणता काही कळत नाही. दूध नासलं तर वास तरी येतो.

झयानला घेऊन इरफान आणि नाझिमा आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली माणसं. इरफान अम्गऱ्याला टाइल्सच्या यार्डात विक्रीचं बघायचा, राहायला अबू हलीफाला. मी मराठीत नाव विचारलं मात्र, नाझिमाला एकदम रडूच आलं. इतके दिवस दवाखान्यातून इंग्रजी आणि हिंदी ऐकून पोरगी कंटाळली होती. पोर कुशीवर वळायच्या वयात मानसुद्धा धरत नव्हतं. डोळे मात्र काय टपोरे! नेहमीच्या आजारांच्या तपासण्या होऊन गेल्या होत्या आणि कशातच काही सापडलं नव्हतं. म्हणून ते शेवटी आमच्याकडे आले होते.

रक्त फार थोडं मिळालं. अशक्त लेकराच्या अंगातून किती काढणार? सगळाच्या सगळा डीएनए मी लायब्ररीला वापरला, आणि तरी लायब्ररी पातळच झाली. राखून ठेवायला काही शिल्लक राहिलं नाही. मी नळीवर नाव घातलं, तांबडी ‘अर्जंट’ची चिठ्ठी लावली आणि माझ्या जुन्या फ्रीजरमध्ये खालच्या खणात ठेवली. यंत्रावर जी काचेची पट्टी लागते ती एकदाच वापरता येते आणि भयंकर महाग असते, म्हणून पुरेसे पेशंट जमेपर्यंत थांबायचं अशी आमच्याकडे पद्धत आहे. अर्जंट असेल तर मुदीर कुरकुर करत अर्धी रिकामी पट्टीसुद्धा चालवू देतात.

पट्टी लागायच्या आधी झयान गेला. छातीत कफ झाला आणि तो बाहेर काढायची ताकद त्या जिवात नव्हती. इथंच दफन केलं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, ऐकायला बरी वाटणार नाही. पेशंट गेला की अर्जंटची चिठ्ठी निघते. कोणी दुष्ट आहे म्हणून नाही. जिवंत लेकरं रांगेत असतात, त्यांना पुढं घ्यावं लागतं. झयानची नळी मागं गेली. त्यात उन्हाळा. निम्मं कुवेत सुट्टीवर जातं, पेशंट कमी, पट्टी भरत नाही. पट्टी भरली तरी आमच्या प्रमुख डॉक्टर हनान म्हणायच्या, एवढी पातळ लायब्ररी इतरांबरोबर घातली तर तिच्या वाट्याला काही येत नाही, पुढच्या वेळी वेगळी नीट चालवू. डॉक्टर हनान इजिप्तच्या, हुशार बाई, आणि म्हणत होत्या ते खरंच होतं. मग मीही लेकीच्या कॉलेज प्रवेशासाठी पुण्याला गेले.

त्या उन्हाळ्यात वीज जायला लागली होती. कुवेतमध्ये वीज जाते हेच आधी कोणाला खरं वाटायचं नाही, पण भागाभागानं बंद ठेवायला लागले. आमच्या लॅबला जनरेटर होता, तरी सिबी घाबरला. सिबी माझा सहकारी, कोट्टायमचा, माझ्या हाताखाली शिकलेला आणि कामाला एकदम चोख. माझा फ्रीजर जुना. घरघर करायचा, आत बर्फाची ही जाडी. हा वीज गेल्यावर तग धरणार नाही असं सिबीला वाटलं. लॅबमध्ये रसायनांच्या बाटल्यांसाठी एक नवा कोरा फ्रीजर आला होता, दारावर निळे आकडे, आत बर्फाचा कणसुद्धा नाही. नो-फ्रॉस्ट. सिबीनं माझे सगळे डबे उचलून त्यात ठेवले.

आता बायकांना सांगायला नको, घरात नो-फ्रॉस्ट म्हणजे केवढं सुख. पण त्यात बर्फ का होत नाही, हे कोणी विचारतं का? होऊ लागलेला बर्फ तो स्वतःच वितळवतो म्हणून होत नाही. दिवसातून कितीदा तरी आतला हीटर थोडा वेळ चालू होतो आणि मग फ्रीजर पुन्हा थंड होतो. मटणाच्या पिशवीला त्याचा पत्ताही लागत नाही. पण थेंबभर द्रावण असलेली नळी असेल, तर तिचं लगेच पाणी होतं आणि लगेच बर्फ. दारावरचा आकडा मात्र आपला उणे वीसच.

सुट्टीवरून आले तेव्हा कामाचा ढीग पडला होता. सिबीनं सांगितलं, ‘दीदी, सब बॉक्स नये में रख दिया, सेफ है.’ तेव्हा मला वाटलं दुसऱ्या खोलीतला मोठा नवा फ्रीजर, तो उत्तम होता. झयानच्या नळीची त्या दिवसांत कोणाला गरज नव्हती.

गरज पडली ती थंडी सुरू झाल्यावर. नाझिमा आली, एकटीच. बुरख्याची टोकं बोटांत गुंडाळत समोर बसली. म्हणाली, ‘ताई, दिवस गेलेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, झयानला काय होतं ते कळलं तर पोटातल्याचं आधी बघता येईल. त्याचं रक्त आहे ना तुमच्याकडं?’

‘रक्त नाही. पण त्याच्यापासून केलेलं आहे,’ मी म्हटलं. ‘तू काळजी करू नको.’

असं मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

डबा शोधत गेले तर मोठ्या फ्रीजरमध्ये नाही. सिबीला विचारलं. तो मला नो-फ्रॉस्टपुढं घेऊन गेला. दार उघडून मी नुसती उभी राहिले. आधी त्याला कळेना की दीदीला झालंय काय.

‘हा नो-फ्रॉस्ट आहे, मेल्या!’ मी मराठीतच ओरडले.

‘हां दीदी, नो-फ्रॉस्ट है. इसलिए तो रखा. पुराने में कितना बरफ होता था.’

‘बर्फ होतो म्हणूनच तो चांगला होता!’

मग हिंदीत समजावून सांगितलं. सांगता सांगता त्याचा चेहरा उतरत गेला. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, ‘मैंने बचाने के लिए किया था दीदी.’ मला माहीत होतं. म्हणून तर रागही धड काढता येईना. दाट लायब्ऱ्या बहुतेक बचावल्या होत्या, आणि बाकीच्या पेशंटचं रक्त पुन्हा मागवता येत होतं. माझा सगळा जीव त्या एका नळीत अडकला होता.

मोजली. डीएनए किती उरलाय ते मोजायचं यंत्र जिथं आकडा दाखवतं तिथं आहे-नाही असं काहीतरी आलं. पुन्हा मोजली. तेच.

मग नाझिमाला बोलावून घेतलं, नळीतलं पुरणार नाही एवढंच तिला सांगितलं आणि दुसरीकडे काही मिळतंय का ते बघायला लागलो. जन्मल्या जन्मल्या टाचेतून रक्ताचे थेंब कार्डावर घेतात, ते असलं तरी चाललं असतं.

‘तो इथं कुठं झाला? पहिलं बाळंतपण माहेरी नको का? गावच्या दवाखान्यात झाला,’ ती म्हणाली. तिथं असलं कार्ड कोणी केलं नव्हतं.

‘अकिक्याचे केस?’

तिचा चेहरा एकदम खुलला. ‘आहेत! अम्मीनं थोडे ठेवलेत, रुमालात.’

अकिका म्हणजे त्यांच्यात बाळाचं जावळ काढतात तो विधी. मला सांगावं लागलं की वस्तऱ्यानं काढलेल्या केसाला मूळ नसतं, आणि आम्हाला हवं ते मुळात असतं. तिला कळेपर्यंत तीनदा सांगितलं.

‘आणि नाळ? वाळून पडलेली?’

‘ती पुरतात ना ताई. माडाच्या बुडात. पावसात कधीच गेली असणार.’ मग म्हणाली, ‘म्हणजे आता त्या नळीतच आहे तो.’

मी हो म्हटलं.

एकच उपाय होता. नळीत जे काही उरलंय त्याच्या पुन्हा प्रती काढायच्या. पण लक्षात घ्या, उरलंय त्याच्याच प्रती निघतात. जे तुकडे मेले ते मेले, त्या जागा रिकाम्याच राहतात. थोडं राखून ठेवावं का, यावर डॉक्टर हनान आणि मी बराच वाद घातला. राखण्याइतकं होतंच कुठं? नळीच्या भिंती द्रावणानं धुवून घेतल्या, चिकटलेलं काही सुटलं तर सुटलं, आणि सगळं वापरलं. सिबी माझ्या शेजारी उभा होता. त्याला मी काही करू दिलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. आईबापांच्या रक्तासकट तिघांच्या लायब्ऱ्या एकाच पट्टीवर चढवल्या. मुदीरांना सांगितलं, अर्धी पट्टी रिकामी जाईल, काय ओरडायचं ते ओरडा. त्यांनी सही करून दिली. त्यांनाही नातवंडं आहेत.

यंत्र चालू होतं तेवढे दिवस घरी माझ्याशी बोलायची कोणाची छाती झाली नाही. लेक सुट्टीला आली होती. मी फ्रीजरचं सांगितलं तर म्हणाली, ‘मम्मा, इट वॉज अ मिस्टेक, लेट इट गो.’ तिच्या पिढीला सगळं लेट गो करता येतं. मी तिच्यावर उगाचच खेकसले.

निकाल आला. सोपं करून सांगते. प्रत्येक सूचना आपल्याकडे दोनदा असते, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तर दुसरी निभावून नेते. दोन्ही बिघडल्या की आजार. इरफान आणि नाझिमा एकमेकांची मामे-आते भावंडं, त्यामुळे दोघांच्यात सारखाच बिघाड असणं शक्य होतं. तसा तो निघाला, दोन ठिकाणी. दोन्ही संशयास्पद, दोन्ही आधी कोणी नीट वर्णन न केलेले. झयानमध्ये ह्यांतल्या कुठल्या ठिकाणी दोन्ही सूचना बिघडलेल्या होत्या, एवढंच बघायचं होतं.

पहिल्या ठिकाणी त्याचे तुकडे वाचले होते. एक सूचना चांगली, एक बिघडलेली. म्हणजे ते कारण नव्हे. दुसऱ्या ठिकाणी खड्डा. जिथं पन्नास-शंभरदा वाचायचं, तिथं दोन तुकडे वाचले गेले होते. दोन्ही बिघडलेले.

दोन. दोनावर कोणी सही करत नाही, करूही नये. एखादी सूचना चांगली असेल आणि तिचे तुकडे मेले असतील, तरी चित्र असंच दिसतं. डॉक्टर हनाननी रिपोर्ट लिहिला, नमुना अपुरा, निष्कर्ष काढता येत नाही. मुदीर म्हणाले, पुढं काही बोलायचं नाही, नमुना अपुरा म्हणजे अपुरा, खलास.

माझ्याच्यानं ते झालं नाही. त्या दोघांना मी माझ्या घरी बोलावलं आणि फ्रीजरचं सगळं सांगितलं. कोणी हलवली त्याचं नाव नाही सांगितलं, बाकी सगळं सांगितलं.

इरफान आमच्याशी नेहमी शाळेतली मराठी बोलायचा. त्या दिवशी त्याची घरची भाषा बाहेर आली. ‘माज्या पोराचा तेवडाच व्हता तुमच्याकडं,’ तो म्हणाला. ‘तेवडा पण सांभालता नाय आला तुमाला?’

यजमान काही बोलायला लागले, मी त्यांना हातानं थांबवलं. काय बोलणार होते ते? चहा तसाच राहिला.

नाझिमानं विचारलं, ‘ताई, ते दोन तुकडे. तुम्हाला काय वाटतं?’

‘मला वाटतं तीच जागा,’ मी म्हटलं. ‘पण मला वाटणं म्हणजे रिपोर्ट नव्हे.’

पोटातलं पाणी सुईनं काढून बाळाची ती जागा बघता येईल, असं नाझिमाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. पण दोन्ही सूचना बिघडलेल्या निघाल्या, तर त्याचा अर्थ काय हे छातीठोकपणे कोणी सांगणार नव्हतं. इरफान म्हणाला, ‘तुमाला वाटता म्हणून पोर पाडायचा? अल्लाला काय सांगू, दोन तुकडे व्हते म्हणून?’ चार महिने भरायच्या आत काय ते ठरवायला हवं होतं, कारण त्यानंतर त्यांच्या धर्मात ते अजिबात चालत नाही. त्यांनी सुई घेतली नाही. चारांत तीन वेळा मूल ठणठणीतच असतं, असं इरफान दारात चपला घालताना म्हणाला. हिशेब बरोबर होता.

दिवस भरेपर्यंत नाझिमाचा अधूनमधून फोन यायचा, बाळ हलतंय का, कमी हलतंय का. मला विचारून काय उपयोग? पण विचारायची, आणि मी प्रत्येक वेळी बरं बोलायचे.

मुलगी झाली. इथंच झाली. माझ्याकडे शिरकुर्म्याचा डबा आला, इरफाननं स्वतः आणून दिला आणि उभ्याउभ्याच गेला.

दोनेक महिन्यांनी नाझिमा लॅबमध्ये आली, मुलीला छातीशी धरून. रिसेप्शनवरच्या मुली भोवती जमल्या. कोणीतरी म्हणालं, किती गुणाची आहे, रडतसुद्धा नाही. नाझिमा हसली नाही. सरळ माझ्यासमोर येऊन बसली आणि मुलीची बाही वर सारली.

‘ताई, हिचं रक्त घ्या. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणलीये.’

मी मूळची रक्त काढणारीच. हा हात अजून विसरलेला नाही. दंडाला रबरी पट्टी बांधली, शीर सापडली, सुई घातली. तान्हं मूल टोचलं की हात हिसडतं, किंचाळून लॅब डोक्यावर घेतं. ह्या पोरीनं हात ओढला नाही. ओठ थोडे वाकडे केले, मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढला आणि माझ्याकडे बघत राहिली. नळीत रक्त हळूहळू चढत होतं. पुरेसं झाल्यावर मी पट्टी सोडायला गेले, तर नाझिमानं माझं मनगट धरलं.

‘अजून घ्या,’ ती म्हणाली. ‘ह्या वेळी भरपूर घेऊन ठेवा.’